परदेशी गेलेलं घोरणं

बालवाडीच्या बाई दुपारी मुलांना झोपवायला अंगाई म्हणू लागल्या आणि मुलांच्या आधी स्वतःच आडव्या झाल्या. मुख्याध्यापिकांनी बजावलं, "पुन्हा असं दिसलं, तर कायमच्या घरीच झोपा!"

पण घरी झोप होती कुठे? शेजारी नवरा घोरायचा. तसा माणूस सोन्यासारखा, सकाळचा चहा तेच करायचे. बंदरावर कस्टममध्ये साहेब होते. आपल्या शिक्क्याशिवाय देशाबाहेर टाचणी जात नाही, हा त्यांचा तोरा. घोरण्याचा विषय निघाला, की मात्र कानांवर हात.

"मी? छे! बाहेर ट्रक असेल."

म्हणून बाईंनी मोबाईलवर घोरणं टिपणारं ॲप घेतलं आणि आवाज ऐकवला. साहेबांनी मन लावून ऐकला. "ट्रकच आहे," ते म्हणाले, "आणि जुना आहे." डॉक्टरांचं नाव काढलं, की हे उठून चालते व्हायचे.

अशात नवा कायदा आला. प्रत्येक ॲपने आपला मालक कुठला आणि लोकांची माहिती कुठे ठेवतो, ते उघड सांगायचं. संध्याकाळच्या चहाच्या वेळी बाईंच्या मोबाईलवर तशी सूचना आली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. मालक परदेशी आणि आवाजांचा साठा भलत्याच तिसऱ्या देशात!

साहेबांचा कप बशीवर आदळला. "कोणाला विचारून नेला? तपासणी कोणी केली?"

"अहो, ट्रकचा तर आवाज. गेला तर गेला. तुमचं काय जातंय?"

साहेबांनी कप पुन्हा उचलला. पण जित्याची खोड! दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. बाईंचा मोबाईल ओढून त्यांनी कंपनीच्या तक्रार नंबरावर फोन लावला. स्पीकर चालूच होता.

"आमचा माल बाहेर गेलाय. ताबडतोब परत करा!"

"कसला माल, सर?"

"घोरणं."

"कोणाचं, सर? ज्याचं असेल त्यानेच सांगावं लागतं."

बाईंनी हातातली गाळणी अलगद खाली ठेवली. साहेबांनी आशेने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर औषधालाही ट्रक नव्हता.

"माझं," ते पुटपुटले.

"जरा मोठ्याने, सर."

"माझं! मी घोरतो! सगळंच्या सगळं माझं आहे!"

शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकू ओरडल्या, "आम्हाला ठाऊक आहे हो, भाऊजी!"

"पुसून टाकू का, सर?" फोनमधून विचारणा झाली.

"थांबा हं," बाई मोबाईलवर वाकून गोड आवाजात म्हणाल्या, "आधी डॉक्टरांना ऐकवून येतो. अहो, चपला घाला."