सवतीचा घास

आमच्याकडे मेलेल्या सवतीचा टाक दुसऱ्या बायकोच्या गळ्यात असतो. चांदीचा, पेराएवढा, वर बाईची आकृती. माझी थोरली सून पुष्पांजली सोयाबीन सोंगताना साप चावून गेली. वरीस सरलं तसं लेकाचं, भागवतचं, दुसरं लग्न मीच लावलं, अन् टाकही डोणगावच्या सोनाराकडून मीच घडवून आणला.

"आता कोणी मानते का हे?" भागवत म्हणाला.

"तू नको मानू. तुह्या गळ्यात नाही घालून राह्यली मी."

नवी सून पूनम रीतीची. दुपारी आधी सवतीचा घास काढून चुलीजवळच्या पाटावर ठेवायची, मग आपण जेवायची. पण पाचवा महिना लागला अन् तिला अन्न जाईना. घास तोंडाशी नेला की हात तिथंच थांबायचा. मेहकरच्या डॉक्टरीणबाईंनी सारं तपासलं, दोष काही निघाला नाही. "असंच चाललं तर पोर हाती लागणार नाही," एवढं मात्र बजावलं.

मी त्या पाटावर नजर ठेवली. घासाला मुंगी नाही, माशी नाही. मांजर यायची, वास घ्यायची अन् अंग फुलवून मागं सरायची. पूनमच्या गळ्यातला टाक धरून पाहिला. चैताच्या उन्हात तो रांजणातल्या पाण्यासारखा गार.

"आत्याबाई, त्या जेवून नाही राह्यल्या," पूनम हळूच बोलली. "मंग मले कसं जाईन?"

"तुले कोणं सांगतलं?"

"दिसते ना. नुसत्या बसून राह्यतात. दाराकडे पाह्यतात."

"कोणत्या?"

"तुमच्या खोलीच्या."

 तेव्हा मला उमगलं. या घरात सासूच्या आधी सून जेवत नाही. गेल्याच महिन्यात उरलेसुरले दात गेले, तेव्हापासून मी दुपारचं जेवणच सोडलेलं. दिवे लागल्यावर दूधभाकर खाते, अन् घास तर त्याआधीच उचलतात. पूनमला मी सांगितलं होतं, तू दोन जिवांची, माझ्यासाठी थांबू नको. मेलेलीला कोण सांगणार?

"वाढ मले," मी म्हटलं.

पाटासमोर बसले. ज्वारीची भाकर, वरण. हिरड्या सोलून निघाल्या, पण ताट पुसून खाल्लं. हात धुतला.

"पुष्पांजली, माह्यं झालं पाह्य. आता थांबणं पुरे कर. जेव."

घर चिडीचूप. भागवत वावरात. मग भाकर मोडल्याचा आवाज आला. पूनमचे दोन्ही हात मांडीवर होते. कोणीतरी सावकाश चावत होतं, अन् चावताना जबडा कटकट वाजत होता. तसा जबडा या घरात एकीचाच वाजायचा.

मी पाटाकडे पाहिलं नाही. जेवत्या सुनेच्या तोंडाकडे सासूनं पाहू नये.

आवाज थांबला. पूनमनं पदरानं कपाळ पुसलं.

"आत्याबाई, मले भूक लागली."

"मंग वाढून घे ना! आता काऊन बसली?"