स्नायूपर्यंतची वाट

निसटलेला इलेक्ट्रोड तिनं दादाच्या उजव्या हातावर पुन्हा चिकटवला आणि अंगठ्यानं घट्ट दाबला.

"आता मूठ आवळ."

हात खुर्चीच्या दांडीवर तसाच पडून राहिला. डोक्यावरची तारांची टोपी सांभाळत दादा म्हणाला, "लग्नातसुद्धा मला एवढं नटवलं नव्हतं गं."

तिला हसू आलं नाही. हात हलवायचं मनात आलं की पडद्यावर वर मेंदूतल्या लहरी आधी मंदावतात, मग खालची स्नायूची रेषा थरथरते. या दोहोंमधलं नातं गणितात पकडणं हेच तिचं काम. धडधाकट माणसांवर ते गणित चोख बसलं होतं. आता प्रयोगशाळेच्या सरांनी पक्षाघाताचे पेशंट बोलावले होते. ज्यांच्या स्नायूपर्यंत मेंदूचा जरासा तरी इशारा पोचतो, त्यांनाच उपचारासाठी घेणार होते. निवड आज संपत होती. दादा शिंपी होता, आणि झटका आल्यापासून वहिनीनं त्याची कात्री नजरेआड ठेवली होती.

"पुन्हा."

काही नाही.

"जोर लाव ना रे!" तिचा आवाज चिरकला.

दार ढकलून सर डोकावले. "आटपतंय का? बाहेर बाकीचे खोळंबलेत."

"थोडा वेळ द्या, सर."

ते गेले. ती त्या सपाट रेषेकडे बघत राहिली. इलेक्ट्रोडच्या चिकटपट्टीला नुसतं बोट लागलं तरी रेषा उसळते, हे तिला ठाऊक होतं. कुणाला कळणारही नव्हतं. तिचं बोट पुढे गेलं. रेषा टुणकन उडाली. तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, ती नोंद पुसून टाकली आणि नजर चुकवायला म्हणून पडद्याच्या वरच्या भागाकडे पाहिलं.

तिथल्या लहरी मंदावल्याच नव्हत्या. मागच्या सगळ्या नोंदी तिनं चाळल्या. एकदाही नाही.

"दादा, तू प्रयत्नच करत नाहीयेस."

तो खिडकीकडे पाहू लागला. "हेपण दिसतं होय यात?"

"दिसतं."

"कपाळाला आठ्या घालतो, दातओठ खातो. तुझी वहिनी फसते."

"पण का रे? मी सगळ्यांच्या हातापाया पडून तुला इथं आणलं..."

त्यानं नजर खिडकीवरून हाताकडे वळवली. मग म्हणाला, "खरंच जीव तोडून बघितलं आणि तरी नाही हलला, तर? मग माझ्यापाशी काय उरलं?"

स्टूल ओढून ती त्याच्याशेजारी बसली. त्याचा हात हातात घ्यावासा वाटला, पण रेषा बिघडली असती.

त्यानं डोळे मिटले. या वेळी कपाळावर एकही आठी नव्हती. मानेची शीर तेवढी ताठ झाली. वरच्या लहरी एकदम खाली बसल्या, अगदी स्पष्ट. खालची रेषा मात्र सरळच राहिली.

"हलला?" डोळे न उघडता त्यानं विचारलं.

"नाही. पण निरोप निघाला, दादा. वाटेत अडकलाय."

त्यानं डोळे उघडले.

"मग परत धाडू," तो म्हणाला.

बाहेरून सरांची पावलं जवळ येत होती. तिनं उठून दाराला आतून कडी घातली.