मागच्या चाकांवरचं वजन

"सगळं उतरलं?" भास्करने विचारलं.

"ही शेवटची तूरडाळ, काका," दत्ता म्हणाला. "आता आत चला. ऊर्मिलाताईंनी नमन सुरू केलं."

भास्कर मागच्या चाकांकडे बघत राहिला. दुपारपासून भुरभुरणारा बर्फ आता दाट पडत होता. हॉलपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा चढ पांढरा झाला होता.

बायकोच्या, मालिनीच्या, सॉफ्टवेअरमधल्या नोकरीमागे तो जर्मनीत न्यूर्नबर्गला आला आणि किराणा दुकानाचा हा छोटा ट्रक चालवू लागला, त्याला आता वीस वर्षं होत आली. हेर्त्सोगेनआउराखजवळच्या या हॉलमध्ये मराठी मंडळाचं कीर्तन असे, त्या दिवशी घरोघरचा किराणा तोच आणी. पण पुढच्या दुकानांचा माल गाडीत असे. त्यामुळे पूर्वरंग संपला, कपाळाला बुक्का लागला, की तो मागच्या दाराने निघे. उत्तररंगातलं आख्यान त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. म्हणून यंदा पहाटेच उठून बाकीचा सगळा माल पोचवून आला होता.

आणि तिथेच फसला होता. गाडी पार रिकामी झाली होती.

मध्यंतराला ऊर्मिलाने नामाचा गजर धरला. ही कायझर्सलाउटर्नला पीएचडी करणारी पोरगी, पण चिपळ्या हातात घेतल्या की थोरली वाटायची. तेव्हा भास्कर दारात बूट चढवत होता.

"अहो, आज कुठे निघालात?" मालिनी मागोमाग आली.

"चढ गोठायच्या आत निघतो. हिला मागची चाकं ढकलतात. वर वजन नसलं की ती नुसती गरगरतात आणि बूड घसरतं."

"विंटरटायर आहेत ना, काका?" दत्ताने विचारलं.

"आहेत रे. पण टायरला रस्त्यावर दाबून धरायला काहीतरी नको?"

"आम्ही चौघं मागे बसतो."

"मालाच्या जागी माणसं? फेरबोटन, सक्त मनाई. शिवाय एका जागी गप बसायला तू काय तांदूळ आहेस?"

दत्ता हसला आणि तसाच बाहेर गेला. आपल्या डिकीत नुकतंच ठेवलेलं तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन परत आला. "हे पुढच्या शनिवारी आणून द्या."

"अरे, घरी खाणार काय?"

"पास्ता. पोरगी खूश होईल."

मालिनीने आत जाऊन दोघीतिघींच्या कानात सांगितलं. मग एकेक जण उठू लागला. अंगावर पैठणी, पायात बर्फाचे बूट आणि कडेवर कणकेची पिशवी. दारातून ऊर्मिलाला सगळं दिसत होतं. गजर आवरायची वेळ झाली तरी तिने तो आवरला नाही. लय उतरली की पुन्हा चढवी. तबल्यावरचा नागेश प्रश्नार्थक बघे, ती नुसती मान हलवे. देवाचं नाव चार वेळा जास्त घेतलं गेलं, त्यात कुणाचं काय बिघडलं?

भास्करने पोती मागच्या चाकांच्या बरोबर वर रचली, पट्ट्यांनी आवळली, ओढून पाहिली. मग ओल्या मोज्यांनी येऊन भिंतीशी बसला. तेव्हा कुठे गजर थांबला आणि आख्यान सुरू झालं. देवीला बांगड्या भरायला निघालेल्या एका म्हाताऱ्या कासाराची गोष्ट होती.

आरती झाल्यावर दोघं निघाले. बाहेर अंधारून आलं होतं. दुसरा गिअर, पाय हलका. चढाच्या मध्यावर मागचा भाग डावीकडे सरकला. मालिनीने दाराची मूठ धरली. भास्करने ब्रेकला पायही लावला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलला, स्टिअरिंग हलकेच डावीकडे दिलं. गाडी सरळ झाली आणि हळूहळू वर आली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मालिनीने मूठ सोडली. दर वर्षी कीर्तनानंतर जेवताना ती त्याला आख्यान सांगायची, कीर्तनकारांच्या हातवाऱ्यांसकट. आज तिच्याकडे सांगायला काही नव्हतं. तिला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"तो कासार आहे ना," समोरची नजर न हटवता भास्कर म्हणाला, "देवळाशी पोचतो, तर पेटीत एकही बांगडी अख्खी उरलेली नसते, बघ."

मालिनीने शाल अंगाभोवती घेतली आणि त्याच्याकडे वळून बसली.

"मग?" ती म्हणाली.