उलट फिरणारं इंजिन

बोल्ट सुटत नव्हता.

डेल्फियाने पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला, खांदा लावला आणि दात आवळून वर रेटलं. पुली जागेवर धरून ठेवणारी पहार ठोकळ्यावरून सटकली. पान्यासकट डेल्फिया चाकाच्या पोकळीत आपटली आणि बोटांची सालं मडगार्डच्या कडेवर राहिली. तिने रक्त थुंकीने पुसलं, आईला एक शिवी दिली, बापाला चार दिल्या.

गाडी आईची होती. जपानी, जुनी, दारांना गंज चढलेला. आई मरताना चावी डेल्फियाच्या मुठीत ठेवून गेली होती. पुढचं डावं चाक काढून गाडी घोडीवर चढवलेली होती आणि पोकळीत इंजिनाची पुढची बाजू उघडी पडली होती. फॅनबेल्ट काढून झाले होते. आतला मोठा दातेरी पट्टा, ताण देणारी पुली, पाण्याचा पंप, ऑइल सील, सगळं नवीन सामान गवतावर गोणपाटावर मांडलेलं होतं. पण आतल्या जुन्या पट्ट्यापर्यंत पोहोचायचं तर आधी मधली पुली काढायला हवी होती, आणि पुलीच्या छातीत हा हरामखोर बोल्ट बसला होता.

सोमवारी तिला लेक्सिंग्टन शहरात पोचायचं होतं. तिथल्या इस्पितळाच्या धोबीखान्यात काम मिळालं होतं आणि वरच्या मजल्यावर खोली. जुन्या पट्ट्याचे दात झिजले होते, पाठीला चिरा गेल्या होत्या. डोंगरात कुठेतरी तो तुटला असता तर व्हॉल्व्हवर पिस्टन आदळून इंजिनाचा चेंदा झाला असता आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली असती. मग हॉबर्टने तिला शोधलंच असतं. मागच्या वेळी ती बसने निघाली होती, तेव्हा त्याने तिला केस धरून खाली ओढलं होतं, बस थांबते त्या ढाब्यावरच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत. कुणी हातातला काटासुद्धा खाली ठेवला नव्हता.

हॉबर्ट तिचा थोरला भाऊ. दारू पिऊन ट्रक चालवल्याबद्दल त्याचं लायसन काढून घेतलं होतं. तेव्हापासून डेल्फिया त्याची ड्रायव्हर होती. स्वयंपाकीण तर आधीपासूनच होती. दुपारी तो मित्राच्या गाडीतून उतरला, हातात बिअरचा डबा, आणि फाटकातूनच हसत आला.

"काय गं, भातखाऊ जपान्यांच्या गाडीचं पोट फाडलंस होय?"

"पट्टा बदलतेय."

"तू? तुला लोणच्याची बरणी उघडत नाही."

"तुलाच बारवर न्यायला लागते ना गाडी? मग गप बस."

तो गप बसला नाही. त्याने मागच्या काचेतून आत पाहिलं. सीटवर तिची कापडी बॅग होती, वर आईची गोधडी. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बारीक झाले.

"कुठं चाललीस?"

उत्तराची वाट न बघता त्याने गवतातून तिनेच काढून टाकलेला फॅनबेल्ट उचलला.

त्या घरात जुना फॅनबेल्ट कधी फेकत नसत. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळा होता, त्यावर तो टांगायचा. बापाने आईला त्याने फोडलं, मग पोरांना. बाप खाणीत मेला तेव्हा खिळा हॉबर्टकडे आला. पहिला फटका तिच्या मानेवर बसला, दुसरा कानावर, तिसरा पाठीत. रबराच्या आतल्या दोऱ्यांनी कातडी उघडते. ती ओरडली नाही. ओरडलं की जास्त मिळतं, हे त्या घरात चालायच्या आधी शिकवलं जायचं.

"लेक्सिंग्टन!" तो म्हणाला. गावात कुणाचं काही लपत नाही. "जा ना. चालत जा. गाडी ह्या घरातून हलणार नाही. बोल्ट मी काढतो, पट्टा मी घालतो, आणि चावी माझ्या खिशात."

"हॉबर्ट, तो बोल्ट—"

"गप! बायकांना बोल्ट सुटत नाही म्हणून बोल्टाला दोष. स्टार्टरने उडवतो. मिनिटाचं काम."

त्या खोऱ्यातले सगळे पुरुष तसंच करत. पान्याचा लांब दांडा मागच्या अंगाला जमिनीवर टेकवायचा आणि चावीला एक टिचकी मारायची. इंजिन फिरू पाहतं, पाना जमिनीला अडतो, बोल्ट सुटतो. हॉबर्टने असे बोल्ट पोत्याने उडवले होते. पण सगळे अमेरिकन गाड्यांचे.

"ह्या गाडीला तसं चालत नाही," डेल्फिया म्हणाली. "भंगारवाल्या एल्झीने सांगितलंय. हे इंजिन उलट फिरतं. पाना वर उसळेल."

"उलट! एल्झीचं डोकं उलट फिरतं." त्याने पोकळीत हात घातला.

"खरं सांगतेय. हात काढ तिथून."

त्याने हात काढला खरा, आणि तिच्या तोंडात हाणला. खालचा ओठ दातावर फुटला. मग तो पोकळीत गुडघ्यांवर बसला, पाना बोल्टावर चढवला, दांडा मागे जमिनीवर टेकवला आणि तो निसटू नये म्हणून उजवा हात वरून दाबून धरला. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मडगार्डच्या कडेखाली होता.

"बस आत. टिचकी मार म्हणालो की मार."

"कॉइलची वायर काढू? नाहीतर इंजिन पेटेल."

"एक टिचकी मारायला वायर कशाला काढायची? बस!"

ती बसली. चावी हातात होती. रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. समोर फुटक्या आरशात मान दिसत होती, मानेवर पट्ट्याचा वळ, बोटभर जाड. अशाच वळासकट आईला पुरलं होतं, कॉलर वर करून.

"मार!"

दोनदा बजावून झालं होतं. तिसऱ्यांदा तिने बजावलं नाही. मुद्दाम केलं का? हो, मुद्दाम केलं. तिने चावी फिरवली आणि टिचकीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवली.

इंजिन खोकलं. पेटलंसुद्धा, अर्धा क्षण. पाना जमिनीवरून उसळला आणि त्याने हॉबर्टचा हात घेऊन मडगार्डवर हाणला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मग हॉबर्टचा आवाज आला. असा आवाज त्या घरात आजवर फक्त बायकांनी काढला होता.

ती उतरून पुढे आली. तो गवतात उताणा पडला होता. मनगटाच्या वर हात भलतीकडेच वळला होता आणि कातडीतून हाडाचं टोक बाहेर आलं होतं, पांढरं, स्वच्छ. त्याने उठायचा प्रयत्न केला, पिवळा पडला, बिअर ओकला आणि पुन्हा बसला. तिने गोधडीची पट्टी फाडली आणि कोपराखाली करकचून बांधली. तो बोंबलला.

"हळू, रांडे!"

"हळू कसं बांधतात ते मला कुणी शिकवलं नाही."

"हॅसीमावशीला बोलव. तिचा ट्रक... लवकर..."

हॅसीमावशी ओढ्यापलीकडे राहायची, ठार बहिरी. हाका मारून उपयोग नव्हता, जाऊन तिचा दंड हलवावा लागायचा. डेल्फियाने बोल्टाकडे पाहिलं. तो आता आधीपेक्षा घट्ट बसला होता.

"बोलावते," ती म्हणाली. "बोल्ट सुटल्यावर."

"काय?"

"ही पहार ठोकळ्यावरून सटकते. वर वजन पाहिजे. तू ये आणि बस हिच्यावर."

"माझा हात मोडलाय, डेल्फिया!"

"बूड शाबूत आहे."

त्याने तिला मारून टाकायची भाषा केली. मग आईची शपथ घातली. मग लहान असताना तिला ओढ्यातून काढल्याची आठवण करून दिली. ते खरं होतं. तिने त्याच्या बगलेत हात घालून त्याला उठवलं आणि पहारेवर बसवलं, अगदी सांभाळून. पण हॅसीमावशीकडे गेली नाही.

पुली आता हलत नव्हती. तिने पाइपखाली खांदा घातला. पहिल्या रेट्याला काही नाही. दुसऱ्याला पाठीवरचे वळ उघडले, सदरा ओला झाला. पहार थरथरली, तिच्याबरोबर हॉबर्ट थरथरला, आणि त्याच्या मोडक्या हातातून जी कळ गेली तिने तो कुत्र्यासारखा केकाटला.

"सोड! सोड म्हणतो!"

"असंच म्हणायची ना आई?" डेल्फिया म्हणाली आणि तिसऱ्यांदा खांदा लावला.

बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज झाला. तिला वाटलं, बोल्ट मोडला. मोडला नव्हता, सुटला होता. पुढे तो हातानेही फिरला, गरम, तेलकट. तो मुठीत धरून ती पूल ओलांडून गेली.

हॅसीमावशीने ट्रक आणला, हॉबर्टचा हात पाहिला, डेल्फियाचा ओठ पाहिला, मान पाहिली.

"कशानं झालं रे हे?" तिने त्याच्या ओठांकडे बघत मोठ्यांदा विचारलं. बहिरी माणसं विचारतात तसं.

हॉबर्टने बहिणीकडे पाहिलं. बहिणीच्या हातात पाना होता.

"घसरलो," तो म्हणाला.

"तुमच्या घरात फार घसरतं बाबा. तुझी आई पण घसरायची."

तालुक्याच्या इस्पितळात त्याला रात्रभर ठेवून घेतलं. डेल्फियाने संध्याकाळपर्यंत पंप बसवला, सील ठोकलं, खुणा जुळवून नवा पट्टा चढवला. मग इंजिन हाताने फिरवून पाहिलं, उलट्या बाजूने, म्हणजे त्याच्या सरळ बाजूने. काही अडलं नाही. खुणा पुन्हा खुणांवर आल्या.

रविवारी सकाळी गाडी सुरू झाली. निघताना तिने खिळ्यावरचा पट्टा काढला, गवतातला उचलला, पत्रा कापायच्या कात्रीने दोन्हींचे बोटभर तुकडे केले आणि कालच्या राजम्याबरोबर हॉबर्टच्या ताटात वाढून ठेवले.

ओढ्यावरच्या पुलावर एकच गाडी मावते. ती मध्यावर आली तेव्हा समोरून हॅसीमावशीचा ट्रक चढला. शेजारी हॉबर्ट, हात प्लास्टरमध्ये, छातीशी बांधलेला. त्याने गाडी पाहिली, मागची बॅग पाहिली. काचेआड त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डाव्या हाताने तो दाराची कडी चाचपू लागला. ती उजव्या हातानेच नीट उघडायची.

कुणाला तरी मागे जावं लागणार होतं. डेल्फियाने गिअर बदलला नाही. ब्रेकवर पाय ठेवून ती तिथेच थांबून राहिली, आणि इंजिन एका लयीत चालत राहिलं.

हॅसीमावशीने आरशात पाहिलं, सिगारेट ओठाच्या कोपऱ्यात सरकवली आणि हॉबर्टला घेऊन ट्रक मागे नेला, पार रस्त्यापर्यंत.