सुंदरबाईची पाळ

सकाळीच सासू-सुनेचं वाजलं.

"पाळीवर पाय ठेवू नोको, रुखमा! रांडमुंडेचा पाय लागला का पाळ फुटते."

"अन् नाई ठेवला त फुटत नाई काय, आत्याबाई? पाळीच्या मांगून गढूळ पानी येऊन राहिलं!"

सानगडीजवळची ती बोडी, मातीची पाळ घालून अडवलेलं लहानसं तळं, त्यांच्या घरचीच. पण पाणी सारं गाव प्यायचं. एकोणऐंशीच्या त्या कोरड्या पावसाळ्यात दुसरीकडे थेंब नव्हता. सुंदरबाईचा मुलगा केवळराम रोज पाळीवरून फिरून खेकड्यांची बिळं चिखल आणि तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं, बुजवायचा. पण त्या पावसाळ्याआधीच, संक्रांतीच्या सुमारास, तो तापानं गेला. घरात उरल्या दोन विधवा. पुतण्या भय्याजी 'आज बघतो, उद्या बघतो' करत होता, आणि आजही गावच्या गड्यांबरोबर बाजारालाच गेला होता. बीळ रुंदावत होतं, रीत मात्र ताठ!

"हे पाळ बांधली कोनं, आत्याबाई?" रुखमानं विचारलं.

सुंदरबाईचा हात टाळूवर गेला. नवी नवरी असताना तिनंच मातीच्या टोपल्या वाहिल्या होत्या, टाळूचे केस झडेस्तोवर. मग नवरा गेला, आणि त्याच मातीला तिच्या पायाचा विटाळ झाला. तेव्हापासून ती खालच्या पाटातूनच घागर भरायची. आणि मेलं, 'काहून?' म्हणून तिनं कधी विचारलंही नव्हतं!

"तवा माही टोपली चालली, अन् आता पाय नाई चालत?" ती ताडकन उठली. "आन तनीस!"

दोघी पाळीवर चढल्या. रुखमा कमरेइतक्या पाण्यात उतरली, पायानं बीळ चाचपलं, चिखल-तणसाचे गोळे ठासले. सुंदरबाई वरून टोपल्या देत होती. बघता बघता शेजारच्या बायाही धावल्या. सांजेला गळती थांबली.

भय्याजी आला तो ओरडतच. "काकी! उतरा खाली! गावाले तहानेनं मारता काय?"

"फुटली काय रे पाळ?" सुंदरबाई पाय आपटत गरजली. "दोन रांडमुंडी उभ्या आहोत हिच्यावर! फुटत होती ते तुह्या रीतीनं. पानी प्याचं असन त उचल टोपली!"

भय्याजीनं पाळीमागची वाहून गेलेली माती पाहिली. मान खाली गेली. "चुकलो, काकी," म्हणत त्यानं टोपली उचलली.

मंडळी, विधवेच्या पायानं पाळ फुटत नाही. तिला अडवून बिळांकडे पाठ फिरवली की फुटते. तुमच्या गावात अशी कोणी खाली उभी असेल, तर तिला मानानं वर घ्या. आणि नाहीच घेतलं, तर तिनं कोणाला न विचारता खुशाल चढावं!