तळाला आशीर्वाद नव्हता

लुइझियानाच्या त्या खाडीत जुलैच्या उन्हात पेटीतली कुर्ली फार वेळ तग धरत नाही. म्हणून बोटीनं वेग घेतला की नाक खाली टाकून पाण्यावरून घसरत यायला हवं. ओडीलची बोट वसंत ऋतूपासून ते करेना. रेस कितीही ओढा, नाक आभाळाकडे आणि ढुंगण पाण्यात. धक्क्याला लागेतो निम्मी पेटी मेलेली. मेलेली कुर्ली कोणी घेत नाही, आणि विधवा ओडीलचं घर कुर्ल्यांवरच चालायचं.

धक्क्यावरच्या पुरुषांना पर्वणीच. ज्यांच्या स्वतःच्या होड्या दोरीला कुजत होत्या, तेही शहाणपण शिकवून गेले. ओडीलनं प्लग बदलले, पेट्रोलची गाळणी बदलली, बर्फाची पेटी मागून पुढे नेली, मशीनला पाण्यातला दुसरा पंखा लावला. बोट ढिम्म.

"वहिनी, मशीन म्हातारं झालंय," दीर क्लेव्ह म्हणाला. "फेकून द्या."

"म्हातारं ते फेकायचं म्हटलं तर पहिला नंबर तुमचा, भावजी."

खरं दुखणं तिला ठाऊक होतं. बोटीचा तळ घासला नव्हता. एरवी ती अधूनमधून बोट उतारावर ओढून तळाचं शेवाळ आणि चिकटलेली टणक कवचं खरवडायची. पण गेल्या साली हंगामाच्या तोंडावर पाद्रीबाबांनी सगळ्या बोटींवर पवित्र पाणी शिंपडलं, हिनं दुसऱ्याच दिवशी बोट घासली, आणि पुढे वादळानं पिंजरे नेले. सासूनं, झेनोबीनं, निकाल दिला: आशीर्वाद धुऊन टाकलास. यंदा पाणी शिंपडल्यावर हंगाम संपेतो तळाला ब्रश लावायचा नाही. वादळानं अख्ख्या गावाचे पिंजरे नेले होते, पण हे सांगणार कोण? घर सासूचं, तोंडही सासूचं. त्या तोंडाला लागण्यापेक्षा पंखे बदलणं सोपं.

शेवटी ओडील कंटाळली. "आई, आज बोटीत चला. पेटीवरचं पोतं ओलं ठेवायला माणूस हवंय."

परतताना बोट रखडली. झेनोबी पोतं भिजवत होती आणि पोत्याखाली कुर्ल्या मान टाकत होत्या. जन्म कुर्ल्यांत गेलेली बाई ती. तिनं एक उचलून हलवली, परत ठेवली.

"ही बोट चालते की रांगते गं?"

"रांगते."

"बंद कर मशीन."

म्हातारीनं बाही सारली, काठावरून वाकून तळाला हात लावला. हात वर आला तो खरचटून.

"पाद्रीबाबा कुठे उभे होते?"

"धक्क्यावर."

"पाणी पडलं कुठे?"

"बोटीच्या टोकावर. थोडं तुमच्या टोपीवर."

"मग तळाला काय लागलं? तळ तर खाडीत होता."

"मी काय बोलणार?"

"काय बोलणार म्हणजे? इतके दिवस मेलेल्या कुर्ल्या वाहिल्यास, तेव्हा तोंड शिवलं होतं?"

ओडीलला संताप यायला हवा होता. हसूच फुटलं.

संध्याकाळी बोट उतारावर आली. ओडील खरवडत होती आणि झेनोबी स्टुलावर बसून हुकूम सोडत होती: "टोकाला हात लावशील तर बघ."

दुसऱ्या दिवशी भरल्या पेट्यांनिशी ओडीलनं रेस ओढली. बोटीनं जरा नाक उचललं, लगेच टाकलं, आणि खाडी खालून सरसर निघाली. धक्का दिसू लागला तरी पेटीतल्या कुर्ल्या एकमेकींच्या तंगड्या ओढत कचाकचा भांडत होत्या. ओडीलनं त्यांना खुशाल भांडू दिलं.