पांढरी रेघ

"गोटा काऊन लागेना वं?" कडूबानं काठी पुन्हा आपटली. ती खडीत रुतली.

लहानपणी देवीच्या साथीत त्याचे डोळे गेले. तेव्हा बापानं घरापासून विठ्ठल मंदिरापर्यंत रस्त्याच्या कडेनं पावलागणिक एक असे गोटे पुरले होते, एकशेबारा. त्यांवर काठी टेकवत कडूबा मंदिरात पोहोचायचा आणि बुवा कीर्तनाला उभे राहायच्या आत त्याचा मृदंग लागलेला असायचा. नवं राज्य झालं, तिसऱ्या वर्षी पेठेत पक्की सडक आली. गोटे उपटून तिच्या पोटात गेले. कडेला कमरेइतकी नाली खणली गेली.

बायकोचा, मंजुळाबाईचा, हात धरून तो सरपंचांकडे गेला.

"उत्तमराव, पाया पडतो. नालीच्या काठानं गोटे लावून द्या."

"हात्तिच्या! आम्ही हात धरून नेऊ न बे तुले."

"चार दिस नेसान. पाचव्या दिशी मी उंबऱ्यात वाट पाहीन. कीर्तन थांबते का माह्यासाठी?"

उत्तमराव मायाळू माणूस. दुसऱ्याच दिवशी स्वतः उन्हात उभं राहून त्यांनी कडूबाच्या दारापासून मंदिरापर्यंत चुन्याची रेघ मारून घेतली.

"पाह्य कडूबा, कशी दुधासारखी! ह्या रेघेच्या पलीकडं नाली."

ओट्याओट्यावरून लोक वाहवा करत होते. रेघ काठीला लागत नाही, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. इतक्या मायेनं दिलेलं नको कसं म्हणावं? कडूबानं हात जोडले. "देखणी असंन," म्हणाला.

एकादशीला मंजुळाबाईनं मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळून त्याच्या मुठीत दिली.

"मी येऊ का संगं?"

"राहू दे. पांडुरंगाच्या दारी माह्या पायानं जातो."

अर्ध्या वाटेत त्याचा पाय नालीत गेला. कणीक चिखलात पडू नये म्हणून डावी मूठ त्यानं उघडलीच नाही. सगळा भार मनगटावर आला. हाड बसवणारा बराच वेळ चाचपत राहिला, मग म्हणाला, "मृदंग आता नाही होनार, बाप्पा."

पुढच्या एकादशीला मंदिरातून टाळांचा आवाज आला.

"कणीक मळली का वं?"

"आता कायले?"

"कोनी तं बसंन मृदंगावर. त्याले लागन."

ओल्या फडक्यात गोळा बांधून मंजुळाबाई रेघेच्या कडेकडेनं निघाली. उंबऱ्यात बसून कडूबा तिची पावलं मोजू लागला. चाळिसानंतर ती ऐकू येईनाशी झाली. तो पुढचे आकडे म्हणत राहिला, एकशेबारापर्यंत.